निळ्या चेहऱ्याचा मुलगा

“मावशी, उद्या तुमची मुलाखत,” वरच्या मजल्यावरची शर्वरी दारातूनच म्हणाली. “मालिकेबद्दल जे वाटतं ते बोलायचं. मी माझ्या समीक्षेत घालणार आहे.”

पुतळाबाईंनी पदर सारखा केला. “फोटो पण काढशील का व माय?”

आत भाकरी थापणाऱ्या त्यांच्या सुनेचा, दुर्गाचा हात परातीतच थांबला.

शर्वरी ही डोकमर्डीच्या त्या बिल्डिंगमधली एकमेव समीक्षक. नवरा कौस्तुभ कंपनीत इंजिनिअर, पुण्याचा. ही घरी बसून एका साप्ताहिकासाठी मालिकांवर लिहायची. पुस्तकं आधीच वाचलेली असायची, त्यामुळे कुठलीही मालिका तिला पुरती आवडत नसे. ही बर्फातल्या भुतांची परदेशी मालिका तर तीन जाडजूड कादंबऱ्यांवरून काढलेली, आणि तिन्ही तिच्या वाचून झालेल्या. तेव्हा मालिकेचं काही खरं नव्हतं.

पण दुर्गाला काळजी मालिकेची नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर पुतळाबाईंचा एकुलता एक मुलगा पप्पू, म्हणजे दुर्गाचा नवरा, खानवेलच्या रस्त्यावर टेम्पो उलटून जागीच गेला. म्हातारीनं अन्न सोडलं. सगळी बिल्डिंग तिच्या ताटाभोवती गोळा झाली. कुणी खिचडी आणली, कुणी शिरा, कुणी नुसताच उपदेश. दुर्गा मात्र पंधरवड्यात धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला उभी राहिली. “पोरगी दगडाची आहे,” बायका म्हणायच्या, आणि त्यात निम्मं कौतुक असायचं. तिच्या शेजारी काम करणाऱ्या चंदाला रोज दुर्गाचा डबा आयता मिळायचा. चंदाचीही काही तक्रार नव्हती.

मग एका संध्याकाळी खोलीत काहीतरी आवाज असावा म्हणून दुर्गानं फोनवर ही मालिका लावली. भाषा दोघींनाही न कळणारी. खाली हिंदी अक्षरं यायची, आणि पुतळाबाईंना अक्षरओळख नाही.

“काय म्हणतो गं हा पोरगा?” त्यांनी विचारलं.

पोरगा दरीत कोसळून मेला होता. त्याचं भूत घरी परतून आईच्या चुलीपाशी बसलं होतं आणि आपण मेलोय हे तिला सांगत होतं. आईला ते दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं.

“वाट चुकलोय म्हणतो,” दुर्गा म्हणाली. “पण येतो.”

“तोंड निळं का याचं?”

“थंडी केवढी आहे तिकडं!”

“मग आईजवळ बसलाय तो?”

“ते तिचं स्वप्न चाललंय, आत्याबाई.”

“बरं. ताट आण. पण तूही बस. मला एकटीला घास उतरत नाही.”

त्या दिवसापासून तो नेमच झाला. दुर्गाची कंपनीतली पाळी सुटली की एक ताट, दोन बायका, मधे फोन. मालिकेत भुतांची लढाई चाललेली असायची आणि दुर्गाच्या तोंडून पोरगा धनगराच्या झोपडीत मुक्कामाला असायचा. त्या पोराला तिनं हळूहळू पप्पूच्याच सवयी लावल्या. चहात बिस्कीट बुडवून तो तिथंच विसरायचा. झोपेत मालकाशी भांडायचा. “अगदी आपल्या पप्पूवाणी!” म्हणून म्हातारी हसायची, मग दुर्गाही हसायची, आणि बोलता बोलता ताट रिकामं व्हायचं.

इतक्या थापा दुर्गानं जन्मात मारल्या नव्हत्या. पण म्हातारी जेवत होती. ज्या कुणी ही पुस्तकं लिहिली, त्या माणसाला ती रोज मनातल्या मनात हात जोडायची.

आणि आता उद्याची मुलाखत. शर्वरीच्या तोंडून ‘भूत’ एवढा एकच शब्द निघाला की सगळं संपलं.

भाकऱ्या झाकून दुर्गा वर गेली. शर्वरी लॅपटॉप उघडून बसली होती.

“या दुर्गाताई. तुम्हीच सांगा, ताणलीय की नाही मालिका? पुस्तकात त्या पोराच्या मरणानं काळीज हलतं. इथं नुसता पांढरा धूर.”

“तेवढ्यासाठीच आले. तो मेलाय हे आत्याबाईंपुढं बोलू नका.”

“का?”

दुर्गानं सगळं सांगितलं. थापांसकट, बिस्किटासकट. “तुम्ही मालिकेला काय शिव्या द्यायच्या त्या द्या, ताई. पण माझं हे ऐका. त्या परत ताटावरून उठल्या तर मी कुणाकडं बघू? आणि जमलं तर एक ओळ टाका आमच्याकडून. लिहिणाऱ्याचे आभार म्हणून. घरातलं माणूस जगलं.”

शर्वरीनं लॅपटॉप मिटला.

“उशीर झाला, दुर्गाताई.”

“सांगितलंत त्यांना?”

“होळीच्या आसपास. कुरडया वाळत घालायला गच्चीवर आल्या होत्या. म्हणाल्या, निळ्या तोंडाचं माणूस कधी जिवंत असतं का? मग तिन्ही पुस्तकं माझ्याकडून सांगून घेतली. शेवटापर्यंत.”

“पण त्या तर अजून रोज विचारतात मला, पोरगा कुठवर आला म्हणून. कालसुद्धा विचारलं.”

“मीही त्यांना तेच म्हटलं, ‘मावशी, सगळं माहीत असून कशाला विचारता?’”

“मग?”

“‘ती कामावर गेली की दुपारी मी पोटभर जेवतच होते,’ म्हणाल्या. ‘पहिल्यापासून. उपाशी ती होती. ताटापाशी बसायला तिला काही निमित्त नको का व माय?’”