पिवळ्या रेषेच्या आत

सकाळी नऊला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या गोदामाचं शटर वर गेलं आणि जुन्या बॅटऱ्या, बिघडलेले संगणक घेऊन माणसं रांगेत उभी राहिली. २००६ सालचा एप्रिल होता.

सामान जमा करून घेणारा अतुल देवस्थळी कंत्राटी होता. आजचा दिवस तक्रारीविना गेला तर डायरेक्टर नॅन्सी त्याला कायम करणार होती, व्हिसासकट. त्यामुळे तो सगळ्यांशी गोड बोलत होता. खरं बोलायचं ते मराठीत, मदतीला आलेल्या स्वानंदीशी.

"केमिस्ट्रीचा प्रोफेसर बघ. बॅटरीच्या टोकांना टेप लावायला सांगितलं होतं. यानं फरसाण आणावं तशा पिशवीत भरून आणल्यात."

"हळू बोल," स्वानंदी म्हणाली. "मागे एक नागपूरचा उभा आहे."

गोदामाच्या मधोमध हार्ड डिस्क पुसणारं यंत्र होतं. पोटात प्रचंड ताकदीचं चुंबक. डिस्क आत सरकवली की त्यावरचं सगळं कायमचं पुसलं जाई. यंत्राभोवती जमिनीवर पिवळी रेषा होती.

आईसोबत पुण्याहून महिनाभरासाठी आलेले अतुलचे वडील पुरुषोत्तमराव मुलाचं काम बघायला आले होते, पण दारापाशीच थांबले होते. अतुलने दोनदा बोलावलं. इथून छान दिसतंय, असं ते हसून म्हणाले.

"पस्तीस वर्षं वीज मंडळात काढली," अतुल स्वानंदीला म्हणाला, "आणि आता लोहचुंबकाला घाबरतात."

अकराच्या सुमारास नॅन्सी आली. रांगेतल्या एका बाईने दाराकडे बोट दाखवून तिला विचारलं, ते गृहस्थ इतक्या लांब का उभे आहेत, यंत्रापासून काही धोका आहे का? रांग जरा मागे सरकली. नॅन्सीने अतुलकडे पाहिलं.

काही धोका नाही, माझे वडील आहेत, असं सांगून अतुल दाराशी गेला. चेहरा हसरा ठेवून त्याने त्यांचा दंड धरला.

"बाबा, चला. माझी नोकरी जाईल."

"अरे, मला नको..."

"पाच मिनिटं शहाण्यासारखं वागा. सगळे बघताहेत."

पुरुषोत्तमरावांनी मुलाकडे पाहिलं. मग शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मुकाट्याने रेषा ओलांडली. अतुलने डिस्क त्यांच्याच हातात दिली. त्यांनी ती आत सरकवली. यंत्र खट्कन वाजलं. रांगेने टाळ्या वाजवल्या. नॅन्सीने समाधानाने मान हलवली.

पुरुषोत्तमराव यंत्राला टेकून उभे राहिले आणि मग घसरत खाली बसले.

रुग्णवाहिका आली तेव्हा नाडी लागत होती, पण ते शुद्धीवर नव्हते. आधीचा काही आजार? काही नाही, ठणठणीत आहेत, अतुलने ठासून सांगितलं. तरी खात्रीसाठी त्याने सनीव्हेलला आपल्या घरी आईला फोन लावला.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, की तिथे जवळपास लोहचुंबक वगैरे काही आहे का.

"आहे. का?"

"दिवाळीनंतर पेसमेकर बसवलाय त्यांना. तुला कळवायचं नाही म्हणाले, तू एवढ्या लांब एकटा."