ऐकण्याचं प्रशिक्षण

सकाळी अकरा वाजता विलेपार्ल्याच्या सभागृहात वकिलांचं प्रशिक्षण सुरू झालं. विषय होता, परके ठरवलेल्या, धास्तावलेल्या माणसांशी कसं बोलावं. बंगाली बोलतो एवढ्यावरून मोमेनाच्या नवऱ्याला पोलिसांनी मानखुर्दहून उचललं होतं. संध्याकाळी त्याला बांगलादेशच्या सीमेवर धाडणार होते. वकील मिळेल या आशेने आलेल्या मोमेनाला आधी मंचावर चढवून सगळं सांगायला लावलं. ती हुंदके देत बोलली.

"लक्षात ठेवा," प्रशिक्षक रुचिरा मॅडम म्हणाल्या, "पीडितेला तीच कहाणी दोनदा सांगायला लावणं म्हणजे छळच." वकिलांनी माना डोलावल्या.

"मॅडम, चौकीत माझ्याबरोबर कोण येतंय?" मोमेनाने विचारलं.

 

"येतील गं कुणीतरी. आपल्या संस्थेचे अध्यक्ष आत्ताच पोचलेत. त्यांच्यासाठी एकदा पहिल्यापासून सांग ना."