रेघेच्या अलीकडे

“मावशी, बेस मॉडेल ते बेस मॉडेलच. तिला टॉप मॉडेलचे ब्रेक म्हणजे आजीबाईला शर्यतीचे बूट,” वस्ताद गाडीखालून बोलला.

“आजीबाईचं वय नको काढूस. बूट बसतात का ते सांग.”

वस्ताद हसत बाहेर आला. गोणपाटावर दोन्ही गाड्यांचे भाग शेजारी शेजारी मांडले होते. मावशींच्या गाडीची पुढची डिस्क टॉप मॉडेलच्या डिस्कशेजारी बशीएवढी दिसत होती. मागे तर बिचारीला डिस्कच नव्हती, साधे ड्रम. नवे भाग झाड पडून छत चेपलेल्या एका टॉप मॉडेलचे होते. चाकं मात्र शाबूत, ब्रेक ठणठणीत.

“नुसती डिस्क बदलून भागत नाही,” वस्ताद म्हणाला. “ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडरही तिचाच लागेल, नाहीतर पेडल भसकन आत जाईल. आणि डिस्क चिमटीत धरणारा हा कॅलिपर तुमच्या चाकात मावतच नाही.”

“मग चाकंही तिचीच घाल.”

“इवल्या गाडीला एवढाली चाकं? लोक हसतील.”

“हसू देत. दात घासलेत की नाही ते तरी कळेल.”

वस्तादाने हात टेकले. या बाईंशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, आणि भिंतच बरी, ती उलटून बोलत नाही. “एवढं करताय, तर गाडी घाट उतरणार असेल?”

“रोज.”

“रोज?” त्याने मावशींच्या गुडघ्याकडे पाहिलं. ऑपरेशनची खूण अजून ताजी होती. तो पुन्हा गाडीखाली शिरला.

“पेडल जड ठेवू नकोस,” मावशी म्हणाल्या. “आणि सीट पुढे सरकत नाही, अडकते. तेही बघ.”

*

रात्री जेवताना मावशींच्या मुलाने आधी बायकोचा निकाल लावला. “त्या हॉस्पिटलच्या नोकरीला नाही म्हणून कळव. घाटापलीकडे बस जात नाही, आणि मी काही तुझा ड्रायव्हर नाही. विषय संपला.”

सून पाणी वाढू लागली. मग त्याने मोर्चा आईकडे वळवला.

“रविवारी गिऱ्हाईक येतंय. गाडी विकायची.”

“गाडी माझ्या पगारातून घेतलेली आहे. विकणारा तू कोण?”

“आई, तू गेट ठोकलंस! सरळ लोखंडी गेट! उद्या एखाद्या पोराला ठोकशील. वय झालं म्हणायला लाज कसली?”

सुनेच्या हातातला पाण्याचा जग हिंदकळला. मावशींनी शांतपणे टेबल पुसलं.

“गेटला पोचा आला, मान्य. म्हणून तर ब्रेक बदलतेय.”

“ब्रेक बदलून माणूस बदलतो का? माझी टॉप मॉडेल बघ, तिला ते शोभतात. तुझ्या डबड्याला काय...”

“डबडं?” मावशींचा आवाज चढला. तोंडावर राग स्पष्ट दिसत होता, आणि तो लपवायची त्यांना गरजही वाटत नव्हती. “तुला कॉलेजला त्याच डबड्यातून सोडत होते, तेव्हा बरं चालत होतं! उद्या संध्याकाळी वस्तादाकडे ये. रेघेपलीकडे उभा राहा.”

वस्तादाच्या गॅरेजची ती जुनी रीत होती. ब्रेकचं काम झालं की मागच्या गल्लीत खडूने रेघ मारायची, आणि ज्याला शंका असेल त्याने रेघेपलीकडे उभं राहायचं. गाडी पन्नासच्या वेगाने यायची. आजवर रेघ कुणी ओलांडली नव्हती, पण उभं राहायला तयार होणारेही थोडेच निघाले होते.

“राहतो की,” मुलगा म्हणाला. आता माघार घेतली असती तर नाक कापलं गेलं असतं. “रेघेच्या आत थांबली तर त्या गाडीबद्दल पुन्हा चकार शब्द काढणार नाही.”

“कोण चालवतंय, कुठे जातंय, काही नाही?”

“काही नाही. पण रेघ ओलांडली तर रविवारी किल्ली माझ्या हातात.”

“कबूल.” मावशी सुनेकडे वळल्या. “तू साक्षीदार गं.”

*

दुसऱ्या दिवशी मुलगा गल्लीत उभा राहिला तेव्हा कलतं ऊन त्याच्या पाठीवर होतं. वस्ताद बाजूच्या भिंतीला टेकला होता. मावशी लंगडत गॅरेजच्या पुढच्या बाजूला गेल्या होत्या. तिकडून दार आपटल्याचा आवाज आला, मग इंजिनाचा.

“साहेब, अजून वेळ गेलेली नाही,” वस्ताद म्हणाला. “सरकायचं तर सरका.”

“माझी आई आहे ती. मला काय मारून टाकेल?” तो म्हणाला खरा, पण रेघेपासून अर्धं पाऊल मागे सरकला.

गल्लीच्या टोकाला गाडी वळली. समोरच्या काचेवर ऊन चकाकत होतं, आत काही दिसत नव्हतं. मोठ्या चाकांवर ती जरा उंचच वाटत होती. वेग वाढला. मुलाने डोळे मिटले नाहीत, पण तोंडातून “आई गं!” निसटलंच.

टायर किंचाळले. गाडीचं नाक खाली दबलं आणि ती थांबली. रेघेच्या चांगली हातभर अलीकडे.

वस्तादाने टाळी वाजवली. मुलगा घाम पुसत हसला. जिवात जीव आला होता, आणि अभिमानही वाटत होता, नाही कसा वाटणार! तो गाडीच्या दिशेने ओरडला, “मानलं आई! काय पाय आहे तुझा! विकत नाही जा, तुझी गाडी तुलाच!”

“वस्ताद, ऐकलंस ना?” आवाज त्याच्या पाठीमागून आला.

तो गर्रकन वळला. गॅरेजच्या मागच्या दारात मावशी स्टुलावर बसल्या होत्या, दुखरा पाय लांब करून, हातात चहाचा पेला.

गाडीची काच खाली झाली.

“अहो, बाजूला व्हा जरा,” त्याची बायको म्हणाली. “मागे घेताना मी अजून चुकते. गेट आठवतंय ना?”