नायकाचा हुंदका

अकरावा टेक संपला आणि काचेपलीकडून दिग्दर्शकाचा आवाज हेडफोनमध्ये आला, "मावशी, शेवटचा हुंदका राहिला."

"राहिला नाही," मावशी म्हणाल्या. "मी दिला नाही."

मावशींचं वय बासष्ट. पडद्यावरचा नायक सतरा वर्षांचा, आणि गेली तीन वर्षं तो सतराचाच होता. तेवढ्या मुदतीत मावशींचे दोन्ही गुडघे कामातून गेले. अॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिकांतल्या कोवळ्या पोरांना बऱ्याचदा बायकाच आवाज देतात, म्हणून ही गादी त्यांच्याकडे आली होती. त्याआधी वाट्याला यायच्या चेटकिणी, आज्या आणि एक बोलकं कासव. नायक म्हणजे बारमाही काम. शिवाय बिल्डिंगमधली पोरं जिन्यात अडवून त्याचे संवाद म्हणायला लावायची, तो मान वेगळा.

या नायकाने पहिल्या पर्वात जिवलग मित्राला पकडून दिलं. दुसऱ्यात गावाच्या विहिरीत विष कालवलं. ते धाकट्या भावाने पाहिलं होतं, म्हणून आज भावाला पुलावरून ढकललं. ढकलून झाल्यावर कठड्याला टेकून तो दीड मिनिट बोलणार होता की, हे सगळं मी तुमच्यासाठीच केलं. मागे व्हायोलिनं होती. मावशींची वाक्यं त्याच्या ओठांवर चपखल बसत होती. शेवटी मात्र त्याच्या डोळ्यांतून टपोरे थेंब ओघळायचे आणि मावशींच्या गळ्यातून काहीच ओघळायचं नाही.

दिग्दर्शक मुलगा गुणी होता. त्याने समजावून सांगितलं की हे पात्र गुंतागुंतीचं आहे, त्याच्या वेदनेत शिरायला हवं.

"गुंता माझ्या लोकरीत असतो," मावशी म्हणाल्या. "याचं सगळं सरळ आहे. जो आडवा येईल तो मेला."

दिग्दर्शकाने प्रेक्षकांचा दाखला दिला. लोक या पोरावर जीव टाकतात, त्याचं तोंड छापलेले शर्ट घालून हिंडतात. मावशींना ते ठाऊक होतं. असा एक शर्ट त्यांच्या नातवाकडेही होता. तो धुवून वाळत घालायचं काम मावशींकडे होतं आणि त्या तो नेमाने उलटा करून दोरीवर टाकायच्या.

दिग्दर्शकाशेजारी बसलेल्या रेकॉर्डिस्टला एवढ्यात आपल्या वायरींमध्ये फार रस वाटू लागला. दिग्दर्शकाने घसा साफ केला आणि शक्य तितक्या अदबीने सांगितलं की असंच असेल तर नायकासाठी दुसरा आवाज बघावा लागेल, आणि मग तो आजपासूनच.

मावशी घोटभर पाणी प्यायल्या. बारमाही काम सोडून पुन्हा चेटकिणींच्या रांगेत उभं राहायचं होतं. कासवाचाही आधार उरला नव्हता, त्याची मालिका केव्हाच बंद पडली होती.

"बघ बाबा," त्या म्हणाल्या. "त्याचं खोटं मी बोलून देईन, तो माझा धंदाच आहे. पण त्याचं खोटं खरं करून देणार नाही."

मग रेकॉर्डिस्टने हळूच आठवण करून दिली की धाकट्या भावाची ओळ अजून व्हायची आहे. एका ओळीची पात्रं माइकपुढे जो उभा असेल त्याच्या गळ्यात मारायची, अशी तिथली रीत होती. त्यांची नावं श्रेयनामावलीतही येत नसत. जाता जाता तेवढं करून जा, असं दिग्दर्शक म्हणाला.

ओळ होती, "दादा, हात दे ना." पोरगं कठड्याबाहेर लोंबकळत होतं. संहितेत कंसात लिहिलं होतं: घाबरून.

मावशींनी कंस सोडून दिला. हात देईल म्हणून ज्याच्याकडे पाहतोय, त्याला कशाला घाबरेल पोर? उंच पायरीवरून उतरायला लहान मूल जसा मोठ्या भावाचा हात मागतं, अर्धं लक्ष त्याच्याकडे आणि अर्धं पायाखाली, तशी ती ओळ त्यांनी म्हटली. एकाच टेकमध्ये.

"ठीक आहे," दिग्दर्शक म्हणाला. एरवी तो "मस्त" म्हणायचा.

मावशींनी हेडफोन खुंटीला लावला आणि त्या बाहेर, दिग्दर्शकाच्या खोलीत आल्या. दिग्दर्शकाने प्रसंग पहिल्यापासून लावायला सांगितला होता. नव्या आवाजाला कुठून सुरुवात करायची, ते त्याला ठरवायचं होतं. मावशी दाराशी चपला शोधत असताना खोलीत त्यांचाच आवाज उमटला, "दादा, हात दे ना." पोरगं पडलं. नायक कठड्याला टेकला आणि रडू लागला. आवाज काढून टाकलेला असल्याने त्याचं तोंड नुसतं उघडत होतं आणि मिटत होतं.

रेकॉर्डिस्टने हात पुढे केला आणि व्हायोलिनं बंद केली. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं.