डॉक्टरांच्या मोटारीचा टप

बहात्तर सालची गोष्ट. श्रीरामपूरच्या एका डॉक्टरांची कापडी टपाची जुनी मोटार बरेच दिवस शेडमध्ये पडून होती. लालमहंमद तिला नवा टप बसवायला आला होता. फाटका टप काढताना टपाचा लोखंडी सांगाडा लालमहंमदच्या बायकोनं पलीकडून उचलून धरला होता. खिळे चाचपायला लालमहंमदनं कापडाच्या घडीत कोपरापर्यंत हात घातला आणि तो जागीच थिजला. मनगटावरून काहीतरी गार, जड सरकत होतं.

"शरिफा," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला, "आत नाग हाय. तुझ्याकडंच निघालाय. सोड ते आन् पळ."

सांगाडा सोडला असता तर तो त्याच्या हातावर आणि नागावर आदळला असता. शरिफानं पकड सोडली नाही. नाग बाहेर आला, तिच्या पावलाला घासून खाली उतरला आणि कुंपणात शिरला.

लालमहंमदनं हात बाहेर काढला. "पळ म्हणलो तर पळाली का न्हाईस?"

"लग्नाला इतकी वर्सं झाली, आज पयल्यांदा माझं नाव घेतलंत," शरिफा म्हणाली. "मंग कशी पळू?"