घरात मूल नाही
सुनामगंजच्या हाओरातल्या, म्हणजे पावसाळ्यात समुद्रासारख्या भरणाऱ्या पाणथळीतल्या वाडीवर माता-बाळ योजनेच्या शिरीनआपा पोहोचल्या, तेव्हा मोयनाचं दोन दिवसांचं बाळ निळं पडत चाललं होतं. आपांनी अंगणातूनच इस्पितळाला फोन लावला. "मुलगा आहे, दीड किलोचा. खाट तयार ठेवा."

मोयनाची सासू धावत आली. "हळू बोला, आपा! पाण्यातलं ते ऐकतं. आधीची दोन्ही बाळं त्यानेच नेली. मूल नाही, मांजराचं पिल्लू आहे म्हणा!"

"कसलं ते नि काय, खाला! आधी होडीत बसा."

भर दुपारी, पाण्याच्या ऐन मध्यावर होडीचं इंजिन बंद पडलं. वारा नव्हता, तरी होडी आल्या वाटेने मागे सरकू लागली. नावाडी इंजिनाची दोरी ओढून थकला. बाळाचा श्वास अडखळला. मोयनाने आपांचा पदर धरला.

आपा उठल्या आणि पाण्याकडे तोंड करून ओरडल्या, "चुकले मी! मूल नाही इथे. मांजराचं पिल्लू आहे!"

पुढच्याच हिसक्याला इंजिन सुरू झालं.

इस्पितळात डॉक्टरांनी प्राणवायू लावला, तसं बाळ गुलाबी झालं, रडलं. "मुलगा ना?" त्यांनी विचारलं.

शिरीनआपांनी आधी पाण्याकडचं दार लावून घेतलं.