वरचा बर्थ

मुलाने टेबलावर लॅपटॉप उघडून शनिवार-रविवारच्या सहलीसाठी रात्रीच्या गाडीची तिकिटं शोधायला घेतली. "आई, वरचेच बर्थ उरलेत. तुझा गुडघा बदललेला, तू आपली मावशीकडे राहा," तो म्हणाला. आईने तीस वर्षं गोदीत क्रेन चालवली होती. रोज ऐंशी पायऱ्यांची शिडी चढून केबिनमध्ये बसायची. शस्त्रक्रियेनंतर मात्र तिच्याबद्दल सगळं तिला न विचारताच ठरू लागलं होतं. ती उठली, कोपऱ्यातली शिडी माळ्याला लावली आणि कुणी अडवायच्या आत वर चढून बॅगांशेजारी पाय सोडून बसली. गुडघा ठणकत होता, पण तिने चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. "आई, उतर! पडशील!" "तिकीट निघाल्याशिवाय उतरणार नाही." सुनेला हसू आवरेना. "काढ मुकाट्याने," ती नवऱ्याला म्हणाली. "वय किती टाकू?" त्याने हरून विचारलं. "एकाहत्तर. एकही वर्ष कमी लिहू नकोस!"